हे कलम किती किलो उचलतं?

काका, सप्रेम नमस्कार.

मुलीचं लग्न वैशाखात आहे. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून फार लांब नाही असा एक हॉल ठरवलाय. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर हॉल, पुढे थोडं मोकळं अंगण. वर पत्र्याचं छप्पर आहे, पण आतून छान फॉल्स सीलिंग केलेलं. ॲडव्हान्स दिला आणि आता चार पानी करार आलाय. हिंदीत आहे, त्यातली तीन कलमं मराठीत लिहिते.

“९. आयोजक छताला, भिंतींना, खांबांना अथवा फरशीला असा कोणताही भार देणार नाही ज्यामुळे रचनेला धोका उत्पन्न होईल. १०. रचनेला झालेल्या कोणत्याही हानीची व त्यामुळे कोणासही झालेल्या इजेची संपूर्ण जबाबदारी आयोजकाची राहील. ११. सभागृहाच्या क्षमतेबाबत मालकाचा निर्णय अंतिम राहील.”

आयोजक म्हणजे आम्हीच. आमचा इव्हेंटवाला म्हणतो, “आंटी, सगळीकडे हेच लिहिलेलं असतं, फॉर्मॅलिटी आहे.” यजमानांचंही तेच मत. पण त्याच इव्हेंटवाल्यानं फुलांचं मोठं झुंबर, मागे एलईडीचा पडदा आणि नवरी वरून झोक्यावरून खाली उतरणार असं ठरवलंय. झोक्याची हौस विहीणबाईंची. ते लोक पुण्याचे आहेत, त्यांनी कुठल्याशा लग्नात पाहिलंय. मला रात्री झोप लागत नाही. सही सोमवारी करायची आहे. करू का? आणि हळद आमच्या जनकगंजातल्या जुन्या घराच्या गच्चीवर आहे, मुलं तिथे पाण्याचा टब लावणार म्हणतायत, ते चालेल ना?

– एक वधूमाय, ग्वाल्हेर

ताई,

झोप लागत नाही हे चांगलं लक्षण आहे. तुमच्या घरात करार वाचलेला माणूस एकच दिसतोय, आणि तो तुम्ही आहात. सोमवारी सही करू नका. मंगळवारी किंवा बुधवारी करा, पण त्याआधी त्या कागदात जे नाही ते त्यात येऊ द्या.

काय नाही, ते सांगतो. कुठल्याही लिफ्टमध्ये बटणांच्या वर एक पाटी असते: ५ व्यक्ती, ३४० किलो. माणशी ६८ किलो धरून केलेला हिशेब. आता कल्पना करा, त्या जागी लिहिलंय, “लिफ्टला धोका होईल इतकी माणसं चढणार नाहीत, चढल्यास जबाबदारी चढणाऱ्याची.” तुमचं कलम ९ आणि १० हे असं आहे. धोका कितीवर सुरू होतो ते हॉलवाल्यानं सांगितलेलंच नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. म्हणजे ही मर्यादा नव्हे; उद्या काही झालं तर बोट कुणाकडे करायचं, त्याची आज करून ठेवलेली सोय आहे. काही पडलं की सिद्धच झालं, तुम्ही “धोका उत्पन्न होईल असा भार” दिला होता! पडलं नसतं तर दिला नव्हता. असल्या कलमाखाली सही करणारा नेहमीच हरतो.

मी वकील नाही. आयुष्य स्लॅब आणि बीमचे हिशेब करण्यात गेलं, आणि त्या नादात करार वाचायची सवय लागली. तेव्हा आधी माझ्या विषयातलं बोलतो.

फरशीपासून सुरू करू, कारण झुंबराच्या नादात तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात इमारत कशासाठी वापरायची त्यावरून फरशी किती भारासाठी बांधायची ते दिलेलं आहे. किलोत सांगायचं तर राहत्या घराच्या खोलीला चौरस मीटरला साधारण २००, खुर्च्या जमिनीला पक्क्या ठोकलेल्या सभागृहाला ४००, आणि खुर्च्या हलवता येतात, नाच होतो अशा हॉलला ५००. घर आणि हॉल यांत अडीचपटीचा फरक आहे. लष्करात गेल्या काही वर्षांत किती घरांच्या, गोदामांच्या वरच्या मजल्यांवर हॉल झाले ते तुम्हीही पाहता. भिंती काढल्या, टाइल्स बसवल्या, झुंबरं लावली, झाला बँक्वेट. खालचा स्लॅब मात्र तोच, जो कुणाच्या तरी पलंगासाठी आणि कपाटासाठी ओतलेला. म्हणून हॉलवाल्याला पहिला प्रश्न हा: ही इमारत नगर निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे, सभागृह म्हणून मंजूर आहे की घर किंवा दुकान म्हणून? मंजूर नकाशा दाखवा म्हणावं. यात लाजण्यासारखं काही नाही, मुलीचं स्थळ बघताना आपण याहून खासगी प्रश्न विचारतो.

वरातीत आणि संगीतात माणसं दाटीनं नाचतात. चौरस मीटरमध्ये चार जण धरा, लिफ्टवाल्याच्या हिशेबानं २७२ किलो झाले. हे नुसते उभे असताना. ढोलाच्या ठेक्यावर सगळे एकदम उड्या मारायला लागले की पाय टेकताना फरशीला माणसाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट दणका बसतो, आणि तोही सगळ्यांचा एकाच क्षणी. ५०० साठी बांधलेली फरशी नाच गृहीत धरूनच बांधलेली असते. २०० वाली नसते.

हे मी घाबरवायला सांगत नाही, पण दोन घटना सांगितल्याशिवाय राहवत नाही. २४ मे २००१ ला जेरुसलेममधल्या एका लग्नाच्या हॉलचा नाचाचा मजला ऐन लग्नात खाली गेला, २३ माणसं गेली. त्याआधी काही आठवडे खालच्या मजल्यावरच्या आडभिंती काढल्या होत्या आणि वरची फरशी मध्ये बसायला लागली होती. मालकांना वाटलं, दिसायला वाईट दिसतंय. त्यांनी वर आणखी भर घालून ती सपाट केली. खचणाऱ्या फरशीवर वजन वाढवलं! दुसरी आपल्याच मध्य प्रदेशातली. ३० मार्च २०२३, रामनवमी, इंदूरच्या पटेलनगरातलं मंदिर. लोक हवनाला बसलेले, आणि खालची जमीनच गेली. जमीन नव्हती ती, जुन्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, घातलेला स्लॅब होता. ३६ जण दगावले. बसलेल्यांपैकी किती जणांना माहीत असेल, आपण कशावर बसलोय? म्हणून दुसरा प्रश्न: हॉलच्या खालच्या दुकानांत गेल्या दोन-चार वर्षांत भिंत किंवा खांब काढलाय का? हे मालकाला विचारा आणि मग खाली जाऊन दुकानदाराशी चहा पिता पिता पुन्हा विचारा. उत्तरं जुळतात का बघा.

आता छत. तुमच्या पत्रातलं “पत्र्याचं छप्पर, आतून फॉल्स सीलिंग” हे वाक्य मी तीनदा वाचलं. दुरुस्तीला चढणारी माणसं एवढाच वरचा भार धरून पत्र्याचं छप्पर बांधतात, चौरस मीटरला ७५ किलोच्या आसपास. बाकी काळजी असते ती आंधीत पत्रा उडू नये याची. खालून कुणी काही टांगेल हा विचार बांधणाऱ्याच्या डोक्यात बहुधा नव्हताच. आणि फॉल्स सीलिंग म्हणजे पडद्यासारखी गोष्ट, तारांवर लोंबणारी. तिच्यातून जो हूक डोकावतो तो वर गर्डरला वेल्ड केलाय की दुसऱ्याच कुठल्या तारेला अडकवलाय हे खालून समजत नाही. इव्हेंटवाल्याची पोरं शिडीवर चढून हूकला एकदा लोंबकळतात आणि “मजबूत है” म्हणतात. ही चाचणी मी स्वतः पाहिलेली आहे.

पाहिलेली म्हणजे, भोगलेली. आमच्या पुतण्याच्या मुंजीत, दुसऱ्या एका गावी, मंडपवाल्यानं फुलांची रिंग पंख्याच्या हूकला बांधली. मी रात्री उशिरा पोचलो, ती बघितली आणि सकाळी बोलू म्हणून झोपलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर हे! पहाटे चारला आवाज झाला. रिंग, हूक आणि सीलिंगचा चांगला मोठा तुकडा बटूच्या पाटावर पडला होता. पाट रिकामा होता म्हणून आज हे लिहितोय. करारात तुमच्या कलम १० सारखंच कलम होतं, पैसे आम्हीच भरले, आणि हॉलवाल्याच्या त्या गंजलेल्या हूकबद्दल चकार शब्द काढता आला नाही, कारण हूक किती किलोचा होता हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

इव्हेंटवाला म्हणेल, फुलंच तर आहेत. त्याला विचारा, फुलं खोचायचे हिरवे फोमचे ठोकळे किती? एक नेहमीच्या मापाचा ठोकळा भिजवला की दोनेक लिटर पाणी पितो. मोठ्या झुंबराला साठ ठोकळे लागले तर १२० किलो नुसतं पाणी. वर लोखंडी रिंग, साखळ्या, दिवे. २०० किलो म्हणता म्हणता होतात. एलईडीच्या पडद्याचं चौरस मीटरला ३० किलो धरा, जुन्या लोखंडी पेट्या असतील तर जास्त. १६ बाय १० फुटांचा पडदा म्हणजे १५ चौरस मीटर, साडेचारशे किलो, अन् त्याची चौकट वेगळी.

आणि हे वजन कुठे बसतं यावर सगळं आहे. तेच वजन गर्डरभर सारखं पसरून दिलं तर त्याला वाकवणारा जेवढा जोर बसतो, त्याच्या दुप्पट जोर ते नेमकं मध्यावर टांगलं की बसतो. झुंबर कुठे हवं असतं? बरोब्बर मध्यावर. तीच गत दोरांची. दोन दोरांना टांगलं म्हणजे निम्मं निम्मं झालं, असं सगळ्यांना वाटतं. दोन्ही दोर सरळ उभे असतील तर खरं आहे. सीलिंग बुटकं म्हणून दोर पसरट बांधले, जमिनीला समांतर रेषेशी ३० अंशांचा कोन झाला, की प्रत्येक दोरावर पूर्ण वजनाइतका ताण येतो. २०० किलोच्या झुंबरासाठी दोन्ही दोरांवर दोनदोनशे! त्याहून पसरट केले तर त्याहून जास्त. घरी पाण्याची बादली दोघांनी दोरीला धरून लांब लांब सरकत जा, हातांना लगेच पटेल.

ग्वाल्हेरच्या माणसाला टांगण्याची गोष्ट सांगताना जयविलास आठवणारच. जयाजीराव महाराजांनी १८७४ मध्ये बांधून पुरा केलेला महाल, दरबार हॉलमध्ये साडेतीन साडेतीन टनांची दोन झुंबरं, आणि ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले ही कथा. कुणी आठ हत्ती सांगतं, कुणी दहा. लहानपणी आजोबांनी सांगितली तेव्हा हत्ती गच्चीवर गेले कसे एवढाच प्रश्न पडला होता. पुढे हिशेब करायला शिकलो तेव्हा मांडून पाहिलं. हत्ती तीन टनांचा धरला तरी आठांचे चोवीस टन, झुंबरं दोन्ही मिळून सात. म्हणजे टांगायचं त्याच्या जवळजवळ साडेतीनपट भार आधी देऊन बघितला. गोष्टीत तिखटमीठ असेल, पण तिची शिस्त बघा: चाचणी टांगण्याच्या आधी, वजन माहीत असलेल्या भारानं, आणि करणारा घराचा मालक. पाहुण्यांकडून सही घेऊन नव्हे.

आज हत्ती लागत नाहीत. काँक्रीटच्या फरशीबद्दल शंका असेल तर भारतीय मानक ४५६ मध्ये रीत दिली आहे: अपेक्षित भाराच्या सव्वापट भार चोवीस तास ठेवायचा, वाळूची पोती चालतात, मग काढायचा आणि पुढच्या चोवीस तासांत फरशी वाकलेली किमान तीन चतुर्थांश परत येते का ते मोजायचं. तुमच्या हॉलवाल्यानं हे करावं असं मी म्हणत नाही, लग्नसराईत तो करणारही नाही. पण एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सीलिंगच्या वर चढून, गर्डर मोजून, एका पानाचं सहीचं पत्र आणणं काही अवघड नाही. त्या पत्रात आकडे असतील. ते आकडे करारात आले की तुमचं कलम ९ कलम होईल.

ते कसं लिहायचं, नमुना देतो. हिंदीत करून घ्या, वकिलाला दाखवा.

“मालक नमूद करतो की सभागृहाच्या फरशीची सुरक्षित भारक्षमता प्रति चौरस मीटर ___ किलो आहे. सोबतच्या आकृतीत दाखवलेल्या अ, ब, क, ड या बिंदूंवरच भार टांगता येईल. प्रत्येक बिंदूवर कमाल ___ किलो आणि सर्व बिंदूंवर मिळून एका वेळी कमाल ___ किलो. हे आकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या दिनांक ___ च्या पत्रानुसार असून ते पत्र व आकृती या कराराचा भाग आहेत. या मर्यादेत राहून केलेल्या वापरामुळे अथवा इमारतीतील आधीपासूनच्या दोषामुळे झालेल्या हानीस आयोजक जबाबदार राहणार नाही. मर्यादा ओलांडल्यास आयोजक जबाबदार राहील.”

यातलं “प्रत्येक” आणि “सर्व मिळून” हे दोन्ही हवंच. चार हूक शंभर शंभर किलोचे आहेत म्हणून चारशे टांगता येतील असं नसतं, चारही एकाच गर्डरवर असतील तर गर्डर अडीचशेलाच हात टेकेल. आणि “सुरक्षित भारक्षमता” हा शब्द सोडू नका. साखळीवाले कधी कधी ती कितीवर तुटते तो आकडा सांगून मोकळे होतात. आपल्याला हवा तो कितीपर्यंत वापरायची तो आकडा, जो त्याच्या कितीतरी खाली असतो.

शेवटचं वाक्य मुद्दाम तुमच्या विरुद्ध घातलंय. मर्यादा सांगितल्यावर ती मोडली तर जबाबदारी आपली, हे कबूल करायला हवं. म्हणूनच तुमचा दुसरा करार महत्त्वाचा, इव्हेंटवाल्याबरोबरचा. तो झालाय का? बहुतेक व्हॉट्सॲपवर कोटेशन आणि “ओके अंकल” एवढंच असेल. हॉलचा करार तुमच्या नावावर, पण शिडीवर चढणारा त्याचा माणूस, ट्रस, म्हणजे सजावट टांगायचे धातूचे सांगाडे, त्याच्या ओळखीच्या तिसऱ्याचे. उद्या त्यानं दीडशेच्या जागी तीनशे टांगले तर हॉलवाला तुम्हाला धरेल आणि तुमच्या हातात त्याला धरायला काहीच नसेल. हॉलच्या करारातले आकडे जसेच्या तसे त्याच्या करारात उतरवा. टांगायच्या प्रत्येक वस्तूचं वजन लिहून त्याची सही घ्या. लग्नाच्या तीन दिवस आधीपर्यंत हॉलवाल्याच्या लेखी मंजुरीशिवाय त्यात बदल नाही, आणि नंतर तर नाहीच नाही, असं लिहा.

बदलाचं एवढं मनावर का घेतो? १७ जुलै १९८१ ला अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलात नाचाचा कार्यक्रम चालू असताना लॉबीत वरून टांगलेले दोन पूल कोसळले, ११४ माणसं मेली. मूळ नकाशात वरपासून खालपर्यंत सलग सळ्या होत्या आणि दोन्ही पूल त्याच सळ्यांना धरलेले. प्रत्यक्षात जोडायला सोपं म्हणून त्या तोडून दोन केल्या: वरचा पूल छताला, खालचा पूल वरच्या पुलाला. दिसायला काहीच फरक नाही. पण वरच्या पुलाच्या जोडावर आता दोन्ही पुलांचं वजन आलं, दुप्पट. मंडपात ऐनवेळी “इथून नको, तिथून बांध” होतं तेव्हा मला दर वेळी ती सळई दिसते.

कलम ११ बद्दल. धोका दिसला तर कार्यक्रम थांबवायचा अंतिम अधिकार मालकाकडे असू द्या, त्यात गैर काही नाही. फक्त पुढे जोडा: करारात न सांगितलेल्या मर्यादेमुळे थांबवलं तर भाडं परत. नाहीतर लग्नाच्या आदल्या दिवशी “झुंबर नहीं लगेगा” आणि ॲडव्हान्स तसाच खिशात.

कायद्याचं थोडक्यात, बाकी वकिलाकडून. जबाबदारी दुसऱ्यावर टाकणारी कलमं १८७२ च्या करार कायद्यात बसतात, त्यामुळे “असं लिहिताच येत नाही” या भ्रमात राहू नका. अनामत जप्तीचं कलम असलं तरी कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच मिळते, लिहिली तेवढी सगळी आपोआप नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक करार ही संकल्पना आली आहे आणि तशी तक्रार राज्य आयोगाकडे नेता येते. पण मुलीच्या लग्नानंतर आयोगाच्या पायऱ्या कोण चढणार? आणि माणूस दगावला तर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला होतो, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. तिथे “जबाबदारी आयोजकाची” या ओळीमागे मालकालाही लपता येत नाही, इव्हेंटवाल्यालाही नाही. हे हॉलवाल्याला गोड शब्दांत कळवलंत तर इंजिनिअरचं पत्र कदाचित लवकर येईल.

आणि नाहीच आलं तर? तर छताला काहीच नाही. शून्य किलो हाही आकडाच आहे, आणि करारात लिहायला सगळ्यात सोपा. झुंबर हवंच असेल तर चार पायांच्या ट्रसवर उभं करा, छताला न शिवता. पडदाही तसाच, पायांवर. मात्र त्या पायांखाली जाड फळ्या द्या, नाहीतर सगळं वजन वीतभर पत्र्यातून फरशीच्या एकाच ठिकाणी उतरेल. आणि ट्रसचं वजनही फरशीच्या हिशेबात धरा. नाच खाली अंगणात ठेवता आला तर फारच छान, जमिनीखाली बावडी नाही ना तेवढं विचारून.

अंगणात कमान किंवा पडदा लावणार असाल तर वैशाखातली आपली आंधी तुम्हाला मी सांगायला नको. पण हिशेब सांगतो, कारण तो फसवा आहे. त्याच १५ चौरस मीटरच्या पडद्याला ताशी ३६ किलोमीटरचा वारा ढोबळमानानं ९० किलोंचा धक्का देतो. वारा दुप्पट झाला, ७२ चा, की धक्का दुप्पट नाही, चौपट होतो: ३६० किलो. १३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेच्या इंडियाना राज्याच्या जत्रेत वादळाच्या झोतानं मंचावरचं छतच लोकांवर आलं, ७ जण गेले. ते छत तेवढ्या वाऱ्याला पुरेसं नव्हतं, आणि कार्यक्रम थांबवायचा कुणी याचीही स्पष्टता नव्हती. तुमच्याकडे ते एक नाव आधी ठरवा. शक्यतो वरपिता-वधूपिता नको, ते त्या वेळी फेटे बांधत असतात. एखादा ठाम स्वभावाचा मावसभाऊ असतो प्रत्येक घरात, त्याला सांगा: धूळ उठली की पडदा खाली, कुणाला न विचारता.

झोक्याबद्दल माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. माल उचलायच्या चेन पुलीनं माणूस उचलत नाहीत. त्यासाठीची यंत्रं वेगळी, माणसं वेगळी, तपासणी वेगळी, आणि पत्र्याच्या छपराखाली तर हा विषयच काढू नये. विहीणबाईंना तुम्ही नाही म्हणू नका, संबंध नवा आहे. हॉलवाल्याला म्हणू द्या. करारात ओळ घालून घ्या, “सभागृहात कोणत्याही व्यक्तीस उचलण्यास वा टांगण्यास मनाई आहे”, आणि तो कागद कौतुकानं पुढे करा. कराराचा एवढा तरी उपयोग आपल्याला व्हायला हवा.

राहिली हळद. पाण्याचा एक फूट थर चौरस मीटरला ३०५ किलो होतो. १२ बाय १२ चा टब एक फूट भरला की चार टन, वर नाचणारी भाचरं वेगळी. जायची यायची सोय असलेली आजकालची गच्ची चौरस मीटरला १५० किलोंसाठी बांधतात. आणि जनकगंजातलं जुनं घर म्हणताय, तर छत पटियांचं असणार, गर्डरवर दगडी पट्ट्या टाकून केलेलं. दगड काँक्रीटसारखा आधी वाकत नाही, तडे दाखवून सूचना देत नाही. तो असतो आणि मग नसतो. टब अंगणात. गच्चीवर हळद दळा, गाणी म्हणा, पाटावर बसवून चार तांबे ओता.

हॉलवाल्याकडून आकृती आणि आकडे आले की मला पाठवा, इव्हेंटवाल्याच्या वजनांची यादी शेजारी ठेवून बेरीज मी करून देतो. आणि व्याही पुण्याहून आले की त्यांना एक दिवस जयविलास दाखवून आणा. हत्तींची गोष्ट तिथे कुणीतरी सांगेलच. ती ऐकल्यावर आपल्या हॉलमध्ये झुंबर जमिनीवर का उभं आहे हे विहीणबाई स्वतःच पुण्याच्या मंडळींना समजावून सांगतील.